आडनावातले गाव : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

गावावरून पडलेल्या आडनावांबद्दल या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी काही निवडक पत्रे इथे घेतली आहेत.

प्रश्न : आमचे आडनाव शिरोडकर. गोव्यात फोंडा तालुक्यात शिरोडा आहे, वेंगुर्ले तालुक्यातही शिरोडा आहे. आमचे कोणते? तीन पिढ्या पुण्यात गेल्या, सांगणारे कोणी उरले नाही. (वाचक, कोथरूड)

उत्तर : एकाच नावाची दोन गावे हा या शोधातला सर्वांत मोठा फसवा टप्पा आहे. बहुतेक जण जे गाव जास्त ऐकलेले तेच आपले मानून मोकळे होतात. तसे करू नका. सुरुवात गावापासून नव्हे, घरातल्या कागदापासून करा.

घरातला सर्वांत जुना कागद काढा. आजोबा-पणजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, नोकरीचे सेवापुस्तक, जुने खरेदीखत, लग्नपत्रिका, काहीही चालेल. त्यात जन्मस्थळ, तालुका, जिल्हा पाहा. जिल्हा रत्नागिरी लिहिला असेल तर शोध रत्नागिरीत संपवू नका. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झाला. त्याआधीच्या कागदांत वेंगुर्ले, कुडाळ, मालवण, सावंतवाडी हे सगळे तालुके रत्नागिरी जिल्ह्यातच दिसतात. दाखला मिळत नसेल तर ज्या शाळेत आजोबा शिकले तिथले जनरल रजिस्टर मागा. दाखला हरवतो, पण रजिस्टर बहुधा शाळेत टिकून असते.

दुसरी खूण देवाची. इथे कुलदैवत आणि ग्रामदैवत यांत गल्लत होते, म्हणून नीट सांगतो. गोव्यातल्या शिरोड्यात कामाक्षीचे देऊळ आहे, वेंगुर्ल्याजवळच्या शिरोड्याची ग्रामदेवता माउली. तुमच्या घरी नारळ कोणाचा ठेवतात, गाऱ्हाणे कोणाला घालतात, लग्नानंतर जोडपे कुठे पाया पडायला नेतात, हे घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना विचारा. मात्र कुलदैवत गोव्यातले निघाले म्हणजे आडनावातले गावही गोव्यातलेच, असे होत नाही. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या जाचामुळे गोव्यातल्या तिसवाडी, बारदेस, साष्टीतली अनेक घराणी देव घेऊन बाहेर पडली. त्यांतली काही पुढे सावंतवाडी, वेंगुर्ले, कारवारकडे स्थिरावली. कुलदैवत जुन्या ठिकाणचे राहिले आणि आडनाव नंतरच्या मुक्कामाचे पडले. स्वतः मंगेशही कुशस्थळीहून १५६० साली आजच्या जागी आला. मग कुलदैवत कामाक्षी आणि गाव वेंगुर्ल्याचे शिरोडा, असे असू शकते. ग्रामदैवताकडे मान कोणता, पालखीत किंवा शिमग्यात घराचा हक्क काय, ही खूण गावाच्या बाबतीत जास्त भरवशाची.

यानंतर गावात जा किंवा कागद मागवा. महाराष्ट्रात जुने सातबारे, फेरफार आणि कोतवाल बुकातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असतात. नकलेसाठी साधा अर्ज चालतो. उत्तर न आल्यास माहितीच्या अधिकारात १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज करा. अर्जात "आमच्या पूर्वजांची माहिती द्यावी" असे मोघम लिहिले की तो हमखास परत येतो. गाव, अंदाजे सालांची मर्यादा, पूर्वजाचे नाव आणि त्याच्या वडिलांचे नाव, कागदाचा प्रकार, एवढे हवेच. गोव्यात सातबाऱ्याच्या जागी नमुना १ व १४ आहे. तिथल्या मोठ्या देवस्थानांकडे महाजनांच्या, म्हणजे देवळात वंशपरंपरेने हक्क असलेल्या घराण्यांच्या, याद्या असतात आणि त्यांत घराणे कोणत्या वांगडातले, म्हणजे कुळाच्या कोणत्या शाखेतले, तेही सापडते. पोर्तुगीज काळातले कागद पणजीच्या पुराभिलेख विभागात बघताना एक ध्यानात ठेवा. पोर्तुगीज लेखनात 'श'साठी एक्स आणि शेवटच्या 'कर'मधल्या 'क'साठी सी हे अक्षर येते. शिरोडकर एसखाली सापडले नाहीत तर एक्सखाली बघावे.

आणि हे दोनच शिरोडे गृहीत धरू नका. कोकणात एका गावाच्या अनेक वाड्या असतात आणि वाडीवरूनही आडनाव पडते. मंगेशी हेच बघा, ते प्रियोळ गावातले ठिकाण. केवळ जनगणनेच्या गावयादीवर विसंबले तर अशी नावे निसटतात.

प्रश्न : आमच्या आडनावातल्या गावी मुद्दाम जाऊन आलो. तिथे आमच्या आडनावाचे एकही घर नाही. मग हे आडनाव खोटे का? (वाचक, सिंहगड रस्ता)

उत्तर : खोटे नाही. उलट, असेच व्हायला हवे होते.

पेडणे गावात सगळेच पेडण्याचे. तिथे कुणाला पेडणेकर म्हणून काय वेगळे कळणार? माणूस गाव सोडून दुसरीकडे गेला की तिथले लोक त्याला गावाच्या नावाने ओळखू लागतात. म्हणजे 'कर' हे नाव आपण घेतलेले नसते, नव्या गावाने आपल्याला दिलेले असते. मूळ गावात राहिलेले तुमचे भाऊबंद कुळाच्या, हुद्द्याच्या किंवा वतनाच्या नावाने राहिले असतील. नाईक, प्रभू, सावंत, परब, गावडे, कुलकर्णी यांपैकी एखादे नाव विचारून पाहा. "आमच्यातले एक घर घाटावर गेले" असे सांगणारे तिथे भेटले तर भाऊकी सापडलीच.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. कुळाचे आडनाव सकपाळ, गाव मंडणगड तालुक्यातले आंबडवे. गावावरून आंबडवेकर झाले आणि शाळेच्या काळात आंबेडकर. कुळ आणि गाव हे दोन थर एकाच घराण्यावर कसे बसतात ते यात स्वच्छ दिसते. आडनावातले गाव म्हणजे जन्मगाव, हाही समज सोडायला हवा. ग. दि. माडगूळकरांचा जन्म शेटफळ्याचा, गाव माडगुळे.

गाव सोडण्याखेरीज आणखी एक वाट आहे, आणि तिचा विसर पडतो म्हणून ती मुद्दाम सांगतो. ती गाव मिळण्याची. पेशवाईत विठ्ठल शिवदेव यांचे मूळ आडनाव दाणी. नाशिककडचे विंचूर जहागिरीत मिळाले आणि घराणे विंचूरकर झाले. पटवर्धनांच्या शाखा मिरजकर, सांगलीकर, जमखंडीकर, कुरुंदवाडकर म्हणून ओळखल्या गेल्या, पण मूळ आडनाव टिकले. इथे 'कर' हे संस्थानाचे बिरूद आहे, कूळ सांगणारे नव्हे. इचलकरंजीकर घोरपड्यांत तर गंमतीची गोष्ट अशी की घराणे मूळचे जोशी. नारो महादेवांनी संताजी घोरपड्यांविषयीच्या कृतज्ञतेपोटी घोरपडे नाव घेतले, आणि पुढे इचलकरंजीमुळे इचलकरंजीकर हे बिरूद लागले. अशा घराण्यात आडनावातल्या गावी मूळ शोधायला गेलात तर चुकाल. तिथे जहागीर सापडेल, उगम सापडणार नाही.

तिसरा प्रकार पुण्याच्या वेशीवरच पाहायला मिळतो. बालेवाडीत बालवडकर आजही आहेत. जमीन आणि गावकी ज्यांच्या हातात राहिली अशा घरांना गावात राहूनही गावाचे नाव चिकटते. म्हणून "गावात आडनाव सापडले नाही" किंवा "सापडले" यावरून लगेच निष्कर्ष काढू नये.

गावच उरले नसेल तर? गायिका मोगूबाई कुर्डीकरांचे गोव्यातले कुर्डी साळावली धरणाच्या पाण्याखाली गेले. उन्हाळ्यात पाणी ओसरले की अवशेष वर येतात. आपल्याकडे मुळशी, पानशेत, वरसगाव, पवना या धरणांत गावे गेली. अशा गावांचा शोध सातबाऱ्यापाशी अडतो. तिथे जिल्हाधिकारी कार्यालयातल्या पुनर्वसन शाखेकडे भूसंपादनाचा निवाडा मागा. त्यात खातेदारांची नावे गटवार किंवा सर्व्हे नंबरवार असतात.

प्रश्न : तेंडोलीचे तेंडुलकर होते, साखळीचे साखळकर, मग सांगलीचे सांगलकर का होत नाही? (वाचक, औंध)

उत्तर : कोकण-गोव्यात जुन्या आडनावांत गावाच्या नावातली शेवटची ई बहुधा गळते. बोरीचे बोरकर, केरीचे केरकर, मोरजीचे मोरजकर, डिचोलीचे डिचोलकर, मंगेशीचे मंगेशकर. देशावर ई टिकते : जेजुरीकर, आळंदीकर, सांगलीकर. नियम पोलादी नाही, वर आलेले कुर्डीकर गोव्यातलेच आहे. पण अंदाज बांधायला उपयोगी पडतो.

शेवटचा आ दोन वाटांनी जातो. एक तर नाहीसा होतो, जसे सातारा-सातारकर, शिरोडा-शिरोडकर. नाहीतर त्याचा ए होतो, जसे बांदा-बांदेकर, म्हापसा-म्हापसेकर. ए बहुधा तसाच राहतो (परुळेकर, नार्वेकर, मयेकर), पण आमोण्याचे आमोणकर होतात. शेवटी व्यंजन असले की काहीच बदलत नाही : मालवणकर, नेरूरकर, कुडाळकर, वालावलकर. मधला स्वरही हलतो. तेंडोलीतल्या 'डो'चा 'डु' झाला, खानोलीच्या खानोलकरांत मात्र ओ तसाच राहिला. बालेवाडीचे बालवडकर होताना तर मधला ए आणि 'वा'चा काना दोन्ही गेले.

याचा व्यवहारी उपयोग असा. आडनावातून 'कर' काढून उरलेला भाग म्हणजे गाव, असे समजू नका. उरलेल्या भागाला ई, आ, ए लावून, मधला ओ-उ बदलून, सात-आठ संभाव्य नावे कागदावर लिहा आणि मग तालुक्याच्या गावयादीत शोधा. बोरकरांनी 'बोर' शोधले तर बोरी हातची जाईल. गावाचे जुने नावही आडनावात गोठून राहते, तेही लक्षात असू द्या. खेडचे राजगुरुनगर झाले, नगरचे अहिल्यानगर झाले, तरी खेडकर आणि नगरकर आहेत तसेच राहिले.

कोकणी बोलणारे नातेवाईक याच प्रत्ययाचा उच्चार 'कार' करतात : गोंयकार, मडगांवकार. स्त्रीसाठी कोकणीत 'कान्न' (गोंयकान्न), मराठीत 'करीण' (पुणेकरीण). हा उच्चारभेद आहे, वेगळे घराणे नव्हे.

प्रश्न : 'कर' असलेले प्रत्येक आडनाव गावावरूनच का? (वाचक, हडपसर)

उत्तर : नाही. गडकरी म्हणजे गडाच्या चाकरीतला. मानकरी हा मान आहे, गाव नव्हे. नाडकर्णी हा हिशेबाचा हुद्दा. भास्कर, दिनकर, प्रभाकर यांतला 'कर' संस्कृतातला, 'करणारा' या अर्थाचा. गावकर तर सर्वांत फसवे. त्यात 'गाव' आहे, पण कोणते ते नाही. गोव्याच्या गावकारीत, म्हणजे गावाच्या सामायिक जमिनीच्या संस्थेत, हिस्सा असलेला किंवा सिंधुदुर्गात गावाचा प्रमुख मान असलेला तो गावकर. गावकर आडनावाची दोन घरे एका मुळाची असतीलच, असे त्यामुळे धरता येत नाही.

प्रश्न : रास्ता पेठेत आमचे शेजारी रोहेकर आहेत, धर्माने यहुदी. त्यांना मराठी आडनाव कसे? (वाचक, रास्ता पेठ)

उत्तर : ते बेने इस्राएल समाजाचे असणार. हा समाज शतकानुशतके रायगड जिल्ह्याच्या, म्हणजे पूर्वीच्या कुलाब्याच्या, गावांत राहिला. तेलाचे घाणे चालवणे हा त्यांचा परंपरेचा व्यवसाय. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. गाव सोडून मुंबई-पुण्याला आल्यावर त्यांच्या नावामागेही गाव लागले : रोह्याचे रोहेकर, पेणचे पेणकर, किहीमचे केहीमकर, झिराडचे झिराडकर, नवगावचे नवगावकर, चौलचे चेऊलकर. चेऊलकरात चौलचा जुना उच्चार जपला गेला आहे. रास्ता पेठेतले सुक्कथ शेलोमो हे सिनेगॉग, म्हणजे यहुद्यांचे प्रार्थनामंदिर, याच समाजाचे. लष्कर भागातले लाल देऊळ हे सिनेगॉग बगदादी यहुद्यांचे, त्यांच्यात 'कर' नाही. कोकणी मुसलमानांतही 'कर' आडनावे भरपूर आहेत. हा प्रत्यय जातीचा किंवा धर्माचा नाही, वाटचालीचा आहे, आणि मराठी मुलखाचे हे मोठे देखणे वैशिष्ट्य आहे असे आम्ही मानतो.

प्रश्न : कर्नाड, बेनेगल, मन्सूर ही गावांचीच नावे ना? त्यांना 'कर' का नाही? (वाचक, प्रभात रस्ता)

उत्तर : कानडी मुलखात गावाचे नाव प्रत्यय न लावता तसेच वापरतात. मल्लिकार्जुन मन्सूर धारवाडजवळच्या मन्सूरचे, गंगूबाईंच्या नावातले हनगल हेही गाव. गिरीश कर्नाड आणि श्याम बेनेगल चित्रापूर सारस्वत. या समाजाची वाढ कारवार ते मंगळूर पट्ट्यात झाली, म्हणून घरी कोकणी असूनही आडनावाची रीत कानडी. त्याच किनाऱ्यावरच्या इतर सारस्वतांत गावाऐवजी हुद्द्याची वा मानाची नावे जास्त : कामत, पै, शेणॉय, किणी.

मराठीतही 'कर'विना गाव येते. पुरंदर किल्ल्यावरून पुरंदरे हे पुण्याला सर्वांत जवळचे उदाहरण. नांदेड, यवतमाळ, चंद्रपूरकडे दिसणारा 'वार' हा तेलुगूतला लोकवाचक प्रत्यय. त्याच्या आधीचा भाग कधी गाव असतो, कधी घराण्याचे नाव, म्हणून तिथे 'कर'चे ठोकताळे लावू नयेत.

प्रश्न : मुलीला आलेले स्थळ आमच्याच आडनावाचे आहे. भाऊकी समजायची का? (वाचक, धायरी)

उत्तर : नुसत्या आडनावावरून नाही. एका गावातून ब्राह्मण, मराठा, भंडारी, सोनार, महार, सगळे बाहेर पडले आणि सगळ्यांना तेच गाव लागले. याउलट आडनावे वेगळी आणि कूळ एक असेही होते. फलटणचे निंबाळकर हे निंबळक गावावरून निंबाळकर, कूळ पवार मानले जाते. तेव्हा गोत्र, देवक, कुलदैवत आणि मूळ वाडी, तुमच्याकडे ज्याला महत्त्व देतात ते विचारा. वडगावकर, खेडकर, लोणकर यांसारख्या नावांत तर मूळ गाव एक असण्याची शक्यताही थोडी. पुण्याभोवतीच वडगाव बुद्रुक, वडगाव खुर्द, वडगाव शेरी, वडगाव मावळ आहेत. (बुद्रुक आणि खुर्द म्हणजे फारसीतले थोरले आणि धाकटे.)

प्रश्न : पेशवे दफ्तरात आमचे आडनाव शोधता येईल का? (वाचक, सदाशिव पेठ)

उत्तर : येईल, पण आडनावाने शोधू नका. त्या काळच्या कागदात माणूस स्वतःच्या आणि वडिलांच्या नावाने येतो : बाळाजी विश्वनाथ, विठ्ठल शिवदेव. बाळाजी विश्वनाथ श्रीवर्धनचे भट, पण श्रीवर्धनकर कधी झाले नाहीत. आडनाव सर्वत्र ठरीव झाले ते इंग्रजी अमदानीत शाळा, नोकरी आणि जमिनीच्या नोंदींमुळे. म्हणून हे दफ्तर जिथे आहे त्या पुणे पुरालेखागारात जाताना परगणा, गाव, वतनाचा प्रकार आणि दोन-तीन पिढ्यांची नावे घेऊन जा. कागद मोडीत आहेत आणि रुमालांत बांधलेले आहेत. मोडी येत नसेल तर वाचणारा सोबत हवा. भारत इतिहास संशोधक मंडळातही विचारणा करता येते. ब्राह्मण किंवा इतर घराण्यांच्या वंशावळीसाठी नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या अनेकदा जास्त हाती देतात, कारण तिथे यजमानाची नोंद मूळ गावावरून लावलेली असते. आडनाव सांगण्याआधी गाव सांगा.

प्रश्न : आम्ही पेडणेकर. मुलाच्या आधारवर मराठीत 'पेडनेकर' आले आहे. चालेल का? (वाचक, चिंचवड)

उत्तर : चालवून घेऊ नका. संगणक रोमन अक्षरांवरून देवनागरी बनवतो आणि रोमनमध्ये ण-न, ळ-ल यांत फरक नाही. तळेकर आणि तलेकर, काणेकर आणि कानेकर तिथे एकच होतात. गावाचा धागा तुटतो तो असा. आधार केंद्रावर मान्यता देण्यापूर्वी पडद्यावरची मराठी ओळ स्वतः वाचा आणि चूक असेल तर तिथल्या तिथे हाताने दुरुस्त करून घ्या.

आधीच्या कागदांत चूक असल्यास क्रम असा ठेवा. प्रथम जन्मनोंद : १९६९च्या जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमाच्या कलम १५ खाली निबंधक दुरुस्ती करतो. मग शाळेचे रजिस्टर, आणि तेही मूल शाळेत शिकत असतानाच. शाळा सुटल्यावर हे काम फार जड जाते. सातबाऱ्यावर लेखनदोष असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करा. आडनाव पूर्ण बदलायचे असेल, समजा पाटीलचे गावावरून नवे नाव घ्यायचे असेल, तर आपले सरकार संकेतस्थळावरून राजपत्रात प्रसिद्धी द्यावी लागते. राजपत्राने जुने कागद आपोआप बदलत नाहीत. त्याची प्रत जुन्या दाखल्यांना जोडूनच ठेवा, आणि अर्जात नवे आडनाव मराठीत कसे लिहायचे ते ण, ळ, काना, वेलांटीसह स्वच्छ अक्षरात लिहून द्या.